पुन्हा अंक १! बॅटमॅन आणि स्पायडरमॅन सारखे सारखे ‘रिसेट’ का होतात?

सिनेमा संपतो, थिएटरचे दिवे लागतात आणि पार्किंगपर्यंत पोचायच्या आत आपला हात फोनकडे जातो. २०२५ च्या जुलैमध्ये जेम्स गनचा ‘सुपरमॅन’ पाहून बाहेर पडलेल्या माझ्या मावसभावानं तेच केलं. तो कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मांगा भरपूर वाचतो, पण अमेरिकन कॉमिक्स कधी हातात धरलेलं नाही. त्याला एवढंच हवं होतं की सुपरमॅनचं पहिलं कॉमिक कोणतं आणि ते कुठे मिळेल. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला: ‘दादा, सुपरमॅनचे अंक १ किती आहेत?’

प्रश्न विनोदी वाटतो, पण चुकीचा अजिबात नाही. ‘सुपरमॅन’ याच नावाच्या मुख्य मालिकेचा अंक १ आत्तापर्यंत सहा वेळा निघालाय: १९३९, १९८७, २०११, २०१६, २०१८ आणि २०२३. यात सुपरमॅनचा जन्म जिथे झाला ते १९३८ चं ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ धरलेलंच नाही. छोट्या मालिका आणि स्पेशल अंक तर सोडूनच द्या.

आता बॅटमॅन बघा. पहिला अंक १ आला १९४० मध्ये. दुसरा २०११ मध्ये, म्हणजे ७१ वर्षांनी. मग तिसरा २०१६ मध्ये आणि चौथा सप्टेंबर २०२५ मध्ये, मॅट फ्रॅक्शन हा लेखक आणि होर्हे हिमेनेझ हा चित्रकार घेऊन. आधीच्या ७१ वर्षांत एकदाही नाही आणि नंतरच्या १४ वर्षांत तीनदा! स्पायडरमॅनचं त्याहून वाईट आहे. ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ १९६३ मध्ये सुरू झाला, पुढचा अंक १ थेट १९९९ मध्ये. नंतर २०१४, २०१५, २०१८, २०२२ आणि २०२५. आपण फोन बदलतो त्याच वेगानं हे अंक १ बदलतायत.

कंपन्यांचं दर वेळचं उत्तर एकच असतं: नवीन वाचकाला सोपं जावं आणि जुना वाचक परत यावा म्हणून. हे खरं किती आणि यातून वाचकाच्या हाती काय लागतं, ते जरा खोलात जाऊन बघूया.

अपडेट, फॅक्टरी रिसेट आणि दुसरं अकाउंट

आधी एक गोंधळ मिटवू. बातम्यांमध्ये ‘रीलाँच’ आणि ‘रीबूट’ हे शब्द एकाच अर्थानं फेकले जातात, पण त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फोनच्या भाषेत सांगतो.

रीलाँच म्हणजे अपडेट. आतली गोष्ट तीच, आठवणी त्याच, फक्त नवीन लेखक, नवीन चित्रकार आणि कव्हरवर पुन्हा ‘१’. बॅटमॅनचा २०२५ चा अंक १ या प्रकारातला. त्याच्या आयुष्यात आधी घडलेलं काहीही पुसलेलं नाही.

रीबूट म्हणजे फॅक्टरी रिसेट. इथे आधीचं सगळं किंवा बरंचसं ‘घडलंच नाही’ असं ठरतं. याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे डीसीची ‘क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स’ ही १२ अंकांची मालिका, १९८५-८६ सालची. लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रकार जॉर्ज पेरेझ. डीसीकडे तेव्हा पन्नास वर्षांत साठलेली असंख्य समांतर विश्वं होती. ती सगळी मोडून एकच विश्व उरवायचं, असं ठरलं. त्यात सुपरगर्ल मेली, फ्लॅश मेला आणि सुपरमॅनची कथा जॉन बर्न यानं १९८६ मध्ये नव्यानं सांगितली.

तिसरा प्रकार म्हणजे दुसरं अकाउंट. मूळ गोष्टीला हात न लावता शेजारी एक वेगळं विश्व उघडायचं. मार्व्हलनं २००० मध्ये ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ काढला तो असा. ज्याला जुनं वाचायचंय त्यानं जुनं वाचावं, बाकीच्यांनी इकडे यावं.

गंमत म्हणजे चौथाही एक प्रकार आहे आणि तो कुणी जाहिरातीत सांगत नाही. १९८७ मध्ये फ्रँक मिलर आणि डेव्हिड मॅझुकेली यांनी बॅटमॅनची सुरुवात नव्यानं सांगितली, ती ‘इयर वन’. ती कुठे छापली होती? चालू मालिकेच्या अंक ४०४ ते ४०७ मध्ये. नंबर बदलला नाही, काही नाही. तरी आज जवळपास चाळीस वर्षांनी नवीन वाचकाला जी दोन-तीन पुस्तकं हमखास सुचवली जातात त्यात ती असते, आणि ‘बॅटमॅन बिगिन्स’ या सिनेमानं तिच्यातून बरंच उचललंय. म्हणजे नवीन वाचकासाठी दार उघडायला ‘१’ हा आकडा लागतोच असं नाही. मग तो सारखा का येतो?

हिशोब दुकानदाराचा आहे

याचं उत्तर गोष्टीत नाही, दुकानात आहे.

आपल्याकडे स्टँडवरच्या स्टॉलवर मासिक खपलं नाही तर उरलेल्या प्रती साधारण परत जातात. अमेरिकेतही कॉमिक्स पूर्वी पेपरच्या स्टॉलवर अशीच विकली जायची. १९७० च्या दशकात तिथे वेगळी व्यवस्था उभी राहिली. खास कॉमिक्सची दुकानं प्रकाशकाकडून जास्त सवलतीत माल घ्यायला लागली, पण अट अशी की उरलेली प्रत परत होणार नाही. म्हणजे ऑर्डर चुकली तर तोटा दुकानदाराच्या बोडक्यावर. तेव्हापासून खरा ग्राहक दुकानदार झाला. कंपनीच्या वहीत ‘विक्री’ म्हणून जो आकडा जातो तो दुकानांनी किती प्रती मागवल्या याचा असतो. वाचकांनी किती घेतल्या हे त्यात दिसत नाही.

आता स्वतःला त्या दुकानदाराच्या जागी ठेवा. अंक निघायच्या बरेच आठवडे आधी ऑर्डर नोंदवायचीय. चालू मालिकेचा अंक ३७ असेल तर तुम्ही मागच्या महिन्यापेक्षा दोन-चार प्रती कमीच मागवाल, कारण गळती ठरलेली. पण ‘अंक १’ असेल तर? नवीन गिऱ्हाईक येईल, जपून ठेवणारे येतील, वेगवेगळी कव्हरं गोळा करणारे एकेक जण तीन-तीन प्रती नेतील. मग तुम्ही जास्त मागवता. दुसऱ्या अंकाला आकडा पडतो, तिसऱ्याला अजून पडतो, आणि वर्ष-दोन वर्षांत कंपनीच्या ऑफिसात कुणीतरी म्हणतं, पुन्हा एकने सुरू करूया.

हे औषध कुठपर्यंत नेता येतं ते १९९१ मध्ये दिसलं. ‘एक्स-मेन’ अंक १ पाच वेगवेगळ्या कव्हरांत निघाला आणि ८० लाखांहून जास्त प्रती दुकानांत गेल्या. आजपर्यंतचा तो विक्रम आहे. एवढे वाचक होते का? छे! पुढे किंमत वाढेल म्हणून लोक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवत होते. जी गोष्ट ८० लाख लोकांकडे आहे तिची किंमत वाढणार कशी, हा साधा प्रश्न फुगा फुटेपर्यंत कुणी विचारला नाही. फुटला तेव्हा दुकानं धडाधड बंद पडली आणि १९९६ च्या शेवटी खुद्द मार्व्हलनं दिवाळखोरी जाहीर केली.

म्हणून अंक १ ची बातमी आली की मी आधी अंक १० कसा असेल याचा विचार करतो.

२०११: सगळ्यांचं एकदम रिसेट

नवीन वाचकासाठी केलेला सगळ्यात मोठा प्रयोग म्हणजे डीसीचा ‘न्यू ५२’. ३१ ऑगस्ट २०११ ला जेफ जॉन्स आणि जिम ली यांचा ‘जस्टिस लीग’ अंक १ आला आणि सप्टेंबरमध्ये बाकीच्या सगळ्या मालिका. जुन्या बंद, त्यांच्या जागी ५२ नवीन मालिका आणि प्रत्येकीचा अंक १. ज्यांचे आकडे ९०० च्या आसपास पोचले होते ते ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ आणि ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’सुद्धा एकवर आणले.

आपल्या दृष्टीनं महत्त्वाची गोष्ट वेगळीच होती. त्याच दिवसापासून प्रत्येक अंक दुकानात येईल त्याच दिवशी डिजिटलही मिळायला लागला. तोपर्यंत मोठे प्रकाशक दुकानदारांच्या भीतीनं डिजिटल अंक उशिरा सोडायचे. ‘कॉमिक्सॉलॉजी’ नावाचं अ‍ॅप तेव्हा जोरात होतं. त्याचं ‘गाइडेड व्ह्यू’ म्हणजे पानावरची एकेक चौकट क्रमानं स्क्रीनभर मोठी करून दाखवणारं फीचर. छोट्या स्क्रीनवर कॉमिक्स वाचता येतं हे पुष्कळांना त्यातून पहिल्यांदा कळलं. पहिले काही महिने सगळं छान चाललं. अंक पुन्हा छापावे लागले, वर्षानुवर्षं दुकानात न आलेले लोक परत आले.

मग भेगा दिसायला लागल्या. रिसेट अर्धवट होता. सुपरमॅन नव्यानं सुरू, पण बॅटमॅन आणि ग्रीन लँटर्न यांच्या मालिका चांगल्या चालल्या होत्या म्हणून त्यांचा इतिहास बराचसा तसाच ठेवला. त्याच वेळी नियम असा की हे सगळे हिरो जगासमोर येऊन साधारण पाचच वर्षं झालीत. आता हिशोब करा: बॅटमॅनला पाच वर्षांत एकामागोमाग तीन-चार रॉबिन झाले! यातला एक मरून परतसुद्धा आला. वाचक हसायला लागले. फोन रिसेट करताना अर्धा डेटा ठेवला आणि अर्धा पुसला तर अ‍ॅप क्रॅश होणारच ना.

आणि जे पुसलं त्याची किंमत वेगळीच होती. सुपरमॅन आणि लोइस लेन यांचं १९९६ मध्ये झालेलं लग्न गेलं. वॉली वेस्ट हा फ्लॅश, ज्याच्याबरोबर १९८६ नंतरची एक अख्खी पिढी मोठी झाली, तो कुठेच नव्हता. मेला नव्हता, नव्हताच. नवीन वाचकाला याचं काही वाटलं नाही, कारण त्याला वॉली माहीतच नव्हता. पण वीस-पंचवीस वर्षं दर महिन्याला पैसे मोजणाऱ्याला कंपनीनं जणू सांगितलं की तू वाचलंस ते हिशोबात नाही. मार्व्हलनं हाच घाव २००७ मध्ये घातला होता. ‘वन मोअर डे’ या कथेत पीटर पार्कर आणि मेरी जेन यांचं लग्न मेफिस्टो नावाच्या सैतानाशी सौदा करून इतिहासातून पुसलं. तरुण वाचकाला लग्न झालेला स्पायडरमॅन आपला वाटणार नाही, हे त्यामागचं कारण. त्याबद्दलचा राग अजून विझलेला नाही. हे कारण किती पोकळ होतं ते पुढे येईलच.

न्यू ५२ मधलं काय टिकलं? स्कॉट स्नायडर आणि ग्रेग कॅपुलो यांचा बॅटमॅन. त्यातली ‘कोर्ट ऑफ आउल्स’ ही गोष्ट आजही नवीन वाचकांच्या हातात दिली जाते. इतर अनेक मालिका वर्षभरही चालल्या नाहीत. ५२ दारं एकदम उघडली, पण वाचक गेले ते जिथे आत कुणीतरी गोष्ट सांगत होतं तिथेच.

माफीनामा, तोही २.९९ डॉलरमध्ये

२५ मे २०१६ ला डीसीनं ‘डीसी युनिव्हर्स रीबर्थ’ हा ८० पानांचा अंक काढला. किंमत फक्त २.९९ डॉलर. त्याची गोष्टच अशी होती की हरवलेला वॉली वेस्ट काळाच्या पलीकडून परत यायला धडपडतोय आणि कुणाला त्याची आठवणच नाहीये. एका कंपनीनं आपल्याच वाचकांची माफी मागायला काढलेलं कॉमिक मी तरी दुसरं पाहिलेलं नाही. त्यानंतर ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’ अंक ५२ वरून सरळ अंक ९५७ वर आलं. ‘डिटेक्टिव्ह’ अंक ९३४ वर. बायको लोइस आणि मुलगा जॉन असलेला कुटुंबवाला सुपरमॅन परत मध्यभागी आला. बऱ्याच मालिका महिन्यातून दोनदा आणि किंमत कमी. जुने वाचक खरंच परतले.

मार्व्हलनं आकड्यांच्या भांडणावर मजेशीर तोडगा काढला. कव्हरवर मोठा नवीन नंबर, शेजारी बारीक अक्षरात जुना नंबर. म्हणून २०२२ च्या ‘अमेझिंग स्पायडरमॅन’ मालिकेचा अंक ६ हाच एकूण हिशोबानं अंक ९०० होता. तुमच्या फोनच्या सेटिंगमध्ये ‘अबाउट फोन’ उघडा, अँड्रॉइड व्हर्जन एक दिसतं आणि खाली बिल्ड नंबर भलताच लांबलचक. तसंच हे.

शेजारचं दार

गेल्या दोन वर्षांत ज्या रीलाँचची खरी चर्चा झाली ते दोन्ही ‘दुसरं अकाउंट’ प्रकारातले आहेत, आणि मला वाटतं हा योगायोग नाही.

जानेवारी २०२४ मध्ये मार्व्हलनं जोनाथन हिकमन आणि मार्को केकेटो यांचा नवा ‘अल्टिमेट स्पायडरमॅन’ काढला. यातल्या पीटरचं मेरी जेनशी लग्न झालंय, दोन मुलं आहेत, अंकल बेन जिवंत आहेत. पीटरला शक्ती मिळते ती पस्तिशीच्या आसपास. ज्या ‘लग्न झालेल्या स्पायडरमॅन’ला २००७ मध्ये पुसलं होतं, तोच इथे नवीन वाचकांना एवढा आवडला की अंक पुन्हा पुन्हा छापावे लागले. तरुणांना संसारी हिरो चालत नाही हे कुणी ठरवलं होतं कोण जाणे. आणखी एक गोष्ट: या विश्वात एक अंक म्हणजे एक महिना, म्हणजे वाचकाचं आणि पात्रांचं कॅलेंडर बरोबर चालतं. गोष्टीला पहिल्यापासून उलटी मोजणी लावलेली होती. शेवट कधीतरी येणार हे माहीत होतं, आणि मार्व्हलनं पुढे ही सगळी मालिका संपवत असल्याचं जाहीरही केलं.

ऑक्टोबर २०२४ मध्ये डीसीचं ‘अ‍ॅब्सोल्यूट’ विश्व आलं. ‘अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन’चा लेखक पुन्हा स्कॉट स्नायडर, चित्रकार निक ड्रॅगोटा. यातला ब्रूस वेन श्रीमंत नाही. बंगला नाही, चहा आणून देणारा बटलर नाही. तो कामगार वस्तीत वाढलेला सिव्हिल इंजिनिअर आहे आणि त्याची आई जिवंत आहे. कोट्यधीश माणूस रात्री गरीब गुन्हेगारांना बडवतो, हे आजच्या पोराला जरा खटकतंच. त्या खटकण्याचं उत्तर इथे थेट गोष्टीत दिलंय. केली थॉम्पसन आणि हेडन शर्मन यांची ‘अ‍ॅब्सोल्यूट वंडर वुमन’ तर मला बॅटमॅनहून जास्त आवडली. ती अमेझॉन बायकांच्या बेटावर न वाढता नरकात वाढलीय.

हे प्रयोग चालले कारण त्यांनी कुणाचं काही हिसकावलं नाही. मुख्य बॅटमॅन शेजारी चालूच आहे. जुन्या वाचकाचं काही गेलं नाही आणि नव्याला मागचं पाठ करावं लागलं नाही. धोका एकच. पहिलं ‘अल्टिमेट’ विश्व २००० मध्ये असंच हलकंफुलकं होतं. पंधरा वर्षांत तेही इतकं गुंतागुंतीचं झालं की २०१५ च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये मोडून टाकावं लागलं.

फोनवर वाचायचं तर?

इथे आपला संबंध येतो. अमेरिकेतल्या दुकानांच्या हिशोबानं ठरलेले नंबर आपण सांगलीत किंवा नांदेडमध्ये बसून स्क्रीनवर बघतो, जिथे त्यांना काहीच अर्थ नाही. शेल्फवर अंक १ उठून दिसतो, सर्चमध्ये सहा अंक १ एकमेकांना झाकतात.

डिजिटल बाजूची कहाणीही सरळ नाही. कॉमिक्सॉलॉजी २०१४ मध्ये अ‍ॅमेझॉननं घेतलं. लगेच आयफोनच्या अ‍ॅपमधून थेट खरेदी बंद झाली, कारण त्यातला वाटा अ‍ॅपलला द्यावा लागत होता. २०२२ मध्ये ते किंडलमध्ये मिसळायला सुरुवात झाली आणि लोकांनी आरडाओरडा केला की आपली नीट लावलेली लायब्ररी विस्कटली. डिसेंबर २०२३ मध्ये वेगळं अ‍ॅपच बंद झालं. न्यू ५२ च्या वेळी ज्या दारातून नवीन वाचक आला होता ते दारच आता नाही. घेतलेली पुस्तकं किंडलमध्ये दिसतात, पण ‘विकत घेतलं’ म्हणजे नेमकं काय घेतलं, हा प्रश्न उरतोच.

सध्या मार्व्हलसाठी ‘मार्व्हल अनलिमिटेड’ हे सबस्क्रिप्शन आहे आणि ते भारतातूनही चालतं. तिथे ३० हजारांहून जास्त अंक आहेत, नवीन अंक साधारण तीन महिन्यांनी येतो. २०२१ मध्ये या अ‍ॅपमध्ये फोनसाठी उभी स्क्रोल होणारी ‘इन्फिनिटी कॉमिक्स’ आली. त्याच वर्षी डीसीनं वेबटूनवर ‘बॅटमॅन: वेन फॅमिली अ‍ॅडव्हेंचर्स’ सुरू केलं. बॅटमॅनच्या घरातल्या पोरांच्या किरकोळ कुरबुरी, उभ्या स्क्रोलमध्ये, फुकट. मारामारी जवळपास नाहीच. ज्यांनी आयुष्यात कॉमिकच्या दुकानात पाऊल ठेवलेलं नाही असे असंख्य वाचक तिथे आले. ही खरी नवीन वाचकांची गर्दी. सप्टेंबर २०२५ मध्ये डिस्नी आणि वेबटून यांनी मिळून मार्व्हल, स्टार वॉर्स वगैरेंचे ३५ हजारांहून जास्त कॉमिक्स असणारा नवा प्लॅटफॉर्म आणायचं जाहीर केलं, त्यामागे हीच गर्दी आहे.

आणि स्पर्धा कुणाशी आहे ते माझ्या मावसभावाच्या फोनवर दिसतं. त्याच्याकडे ‘मांगा प्लस’ आहे. २०१९ पासून हे अ‍ॅप चालू मालिकांचे पहिले आणि ताजे तीन-तीन चॅप्टर फुकट दाखवतं, तेही जपानबरोबर. ‘वन पीस’ १९९७ पासून चालू आहे, ११०० च्या वर चॅप्टर झालेत आणि त्याचा अंक १ एकच आहे. पोरं घाबरत नाहीत, पहिल्यापासून सुरू करतात. म्हणजे अडचण लांबीची नाहीच. वन पीस एका माणसाची गोष्ट आहे, तिला क्रम आहे. बॅटमॅन कंपनीची मालमत्ता आहे, शेकडो जणांनी लिहिलेली, आणि तिचा क्रम खुद्द कंपनीलाच नीट सांगता येत नाही. नंबर बदलून ते सुटत नाही. उलट प्रत्येक नवा ‘१’ क्रम अजून एकदा तोडतो.

वेताळ आणि मुंबटन

आपल्या घरातले जुने वाचक हा विषय लगेच ओळखतील. मार्च १९६४ पासून टाइम्स ऑफ इंडियानं मुंबईहून ‘इंद्रजाल कॉमिक्स’ काढली, मराठीतही. ली फॉकनं १९३६ मध्ये निर्माण केलेला फँटम त्यात ‘वेताळ’ म्हणून आला. वेताळाकडे रीबूटची सोय जन्मापासूनच होती. मुखवटा बापाकडून मुलाकडे जातो, आणि आपण वाचतो तो एकविसावा वेताळ. हिरो म्हातारा का होत नाही, हा प्रश्न गोष्टीनंच सोडवलाय. इंद्रजाल १९९० मध्ये बंद पडलं, पण माझ्या मामाला अजून कुठूनही वेताळाचा अंक दिला तरी तो वाचू शकतो.

दुसरं उदाहरण पवित्र प्रभाकर. २००४ मध्ये शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी मुंबईतला स्पायडरमॅन रचला. धोतर नेसलेला, एका योग्याकडून शक्ती मिळालेला. चार अंक निघाले आणि विषय थंडावला. २०२३ मध्ये ‘अ‍ॅक्रॉस द स्पायडर-व्हर्स’मध्ये तो आला तेव्हा त्याचा पोशाख, केस, स्वभाव सगळं बदललेलं होतं आणि शहराचं नाव मुंबटन. तो सिनेमा आपल्याकडे दहा भाषांत लागला, त्यात मराठीही होती. एवढा यशस्वी रीलाँच क्वचित होतो, आणि त्यात अंक १ कुणी वाचलाच नव्हता. पोरांना तो पडद्यावर काही मिनिटं दिसला आणि आवडला.

मग सुरुवात कुठून?

नंबर बघू नका, वर्ष आणि लेखक बघा. अ‍ॅपमध्ये मालिकेच्या नावापुढे साल दिलेलं असतं, बॅटमॅन २०११ आणि बॅटमॅन २०१६ वेगळे. सुट्या अंकांपेक्षा एकत्र बांधलेलं पुस्तक परवडतं. एक सुटा अंक आता ४ ते ५ डॉलरला पडतो, तर २०२४ पासून डीसीनं ‘कॉम्पॅक्ट’ नावाची लहान आकाराची पुस्तकं काढलीत, ज्यात पूर्ण गोष्ट अमेरिकेत ९.९९ डॉलरला मिळते. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत किंमत वरखाली होत असते, थोडं थांबून घ्या. आकार मांगाच्या जवळ जाणारा आहे, कुणाकडून शिकले ते वेगळं सांगायला नको.

आणि गोष्ट मधूनच सुरू झाली तर बिचकू नका. गनचा सुपरमॅन आठवतोय ना? क्रिप्टॉन फुटताना दाखवलं नाही, शेतात पडलेलं बाळ दाखवलं नाही. तो जगासमोर येऊन तीन वर्षं झालीत, आत्ताच एक लढाई हरलाय आणि बर्फात पडलाय, इथून सिनेमा सुरू होतो. थिएटरमध्ये कुणी ‘मागचं सांगा’ म्हणून ओरडलं नाही.

मावसभावाला मी ‘ऑल-स्टार सुपरमॅन’ दिलं. ग्रँट मॉरिसन आणि फ्रँक क्वाइटली यांचं, २००५ ते २००८ मधले १२ अंक, कुठल्याही रीबूटशी संबंध नसलेलं. गननं सिनेमासाठी याच पुस्तकाकडे पाहिलं होतं. दोन दिवसांनी त्याचा मेसेज आला: ‘वाचलं. पुढचा भाग कुठला?’

पुढचा भाग नाही, संपलं, असं मी कळवलं.

‘काय सांगतोस! यांचं काही संपतंसुद्धा?’